‘एकांडा’ वर्गाची खोट

ओंबार साम्राज्याच्या आरमारात लढाऊ जहाजांचे एकूण बेचाळीस वर्ग आहेत. त्यांपैकी एक्केचाळीस वर्गांची जहाजं अकरा सूर्यांच्या उजेडात फिरतात, आणि बेचाळिसाव्या वर्गाचं जहाज गोदीतच उभं आहे, कारण त्याच्या नकाशावर तपासणाऱ्याची सही नाही. ही गोष्ट अख्ख्या पृथ्वीवर आता एकाच माणसाला ठाऊक होती. निदान त्या माणसाची तशी समजूत होती. फाल्गुनातल्या एका सकाळी तो वसमतच्या बसस्थानकावर, मांडीवर नकाशा ठेवायची पत्र्याची रिकामी नळी घेऊन, कुरुंद्याच्या गाडीची वाट पाहत बसला होता.

त्याचं नाव दत्तोपंत. वय त्र्याहत्तर. अंगात पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन, डोक्यावर उन्हाची टोपी. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात अनुरेखकाची नोकरी केलेला माणूस. अनुरेखक म्हणजे काय, ते आता समजावून सांगावं लागतं. साहेब पेन्सिलीनं आराखडा काढायचे. त्यावर दुधी रंगाचा पारदर्शक कागद ताणून, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून, दत्तोपंत शाईनं तीच रेष पुन्हा ओढायचे. दुसऱ्याच्या रेषेवर आपली रेष. कालव्याची दारं, मोऱ्या, सांडवे. एवढ्या वर्षांत एक रेष हलली नाही, शाईचा एक थेंब सांडला नाही. साहेब लोक म्हणायचे, पंतांचा हात म्हणजे देवाचा हात. पण त्या हातानं कार्यालयात स्वतःच्या मनची अशी एक रेषही कधी ओढली नव्हती.

मनच्या रेषा घरी होत्या. शिसवी कपाटाच्या खालच्या खणात, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवलेल्या एक्केचाळीस गुंडाळ्या.

या सगळ्याची सुरुवात वसमतच्याच शाळेत झाली. दत्तोपंत तेव्हा नववीत होते. त्यांच्या शेजारी बाकावर कुरुंद्याहून आलेला, बोर्डिंगात राहणारा उकंडा बसे. थोराड हाडाचा, बोलायला कमी, हसायला पुढं. एकदा बदलीवर आलेल्या मास्तरांनी तारे म्हणजे लांबचे सूर्य असतात, असं सांगितलं, आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत उकंडा गुळशेंगदाणे खायचे विसरला.

“दत्त्या, तिकडं बी लोक असतील काय रे?”

“असतील की.”

“मंग भांडत असतील.”

“लोक म्हटल्यावर भांडणारच.”

“मंग त्यांच्याकडं लढाईची झाजं असतील. काढ.”

एवढंच. त्या ‘काढ’वर साम्राज्य उभं राहिलं. ओंबारी लोकांना चार हात आणि कान अजिबात नाहीत, असं ठरलं. कान नाहीत म्हणून ते दिव्यांनी बोलतात. शत्रू कोण, हे मात्र ठरवायचं राहूनच गेलं, आणि पुढं पन्नास-पंचावन्न वर्षांत एकही लढाई झाली नाही.

नोकरी लागल्यावर दत्तोपंतांनी कार्यालयाचा कायदा साम्राज्याला लावला. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते. तिच्यात तीन ओळी: काढणार, तपासणार, मंजूर. तपासणाऱ्याची सही नसलेला नकाशा कार्यालयाबाहेर जात नाही. ओंबारच्या गोदीतही तेच. ‘काढणार’पुढं दत्तोपंतांची सही, ‘तपासणार’पुढं उकंडरावांची. ‘मंजूर’ची जागा सम्राटाची. पण चार हातांपैकी कोणत्या हातानं सही करायची, याचा निर्णय सम्राटाचा अजून झाला नसल्यानं ती सदैव रिकामी.

आणि तपासणं म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे. तपासणाऱ्यानं प्रत्येक वर्गात एक खोट काढायचीच. हा उकंडरावांचा हट्ट. “खोट नसंल तर समोरच्यानं लढायचं काहून? त्येला बी जिंकायची आशा पाहिजे ना.” खोट सापडली की ती नकाशावर लिहायची आणि पुन्हा खोडायची नाही, दुरुस्तही करायची नाही. त्या वर्गाची जहाजं जन्मभर त्या खोटीसकट फिरणार.

पहिल्या सहा वर्गांच्या खोटी पोरकट होत्या. तोफ वाकडी, पंखे लहान, रंग वाईट. पुढं उकंडरावांचं लग्न झालं, ते कुरुंद्याला शेतीत स्थिर झाले, आणि मग मात्र त्यांची नजर अशी पक्की झाली की दत्तोपंतांनी थक्क व्हावं. ‘घोण’ वर्ग घ्या. घोणीसारखं, म्हणजे गोमेसारखं, लांबलचक जहाज, शंभर डबे, प्रत्येकाला आपलं इंजिन. लढाईत डबे सुटे होऊन शंभर दिशांनी चालून जातात. दत्तोपंतांना वाटलं, यात काय निघणार? उकंडरावांनी लिहून आणलं, ‘लढाई संपली हे शेवटच्या डब्याला कोणी सांगत नाही.’ ‘वारूळ’ वर्ग हे सगळ्यांत मोठं जहाज, पोटात चारशे भट्ट्या. खोट: ‘राख टाकायला जागा नाही.’ ‘हारा’ वर्ग, मोठ्या टोपलीच्या आकाराचा, ताफ्याला रसद पुरवतो. खोट: ‘कोठाराची कडी बाहेरून आहे. आतल्याला भूक लागली तर?’ ‘तिफण’ वर्ग तीन नळ्यांतून सुरुंग पेरत जातो. खोट: ‘पेरत गेलं त्याच तासानं परत यावं लागतं.’ ‘दीपमाळ’ वर्ग दिव्यांनी साऱ्या ताफ्याला हुकूम देतो. खोट: ‘दिवेवाल्याला सर्दी झाली, शिंक आली, की अर्धा ताफा माघारी फिरतो.’ यावर दोघं वसमतच्या हॉटेलात इतके हसले होते की गल्ल्यावरच्या गुलाबचंद शेठनं चहा परत गरम करायला पाठवला.

उकंडराव बाजाराला आले की नकाशा घेऊन जायचे. जागच्या जागी खोट मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. “नेतो. बघतो. आठ दिसानं सांगतो,” हे ठरलेलं वाक्य. दत्तोपंतांना त्याचा मोठा अभिमान. कार्यालयातले साहेब उभ्या उभ्या सह्या ठोकतात, आणि हा हळद पिकवणारा माणूस एका कागदाला आठ दिवस देतो!

खोट लागली, सही झाली, की जहाज गोदीतून सोडायचं. त्याचा विधी असा की त्या दिवशी दिवेलागणीला दत्तोपंतांनी आपल्या गच्चीवरून कुरुंद्याकडं आणि उकंडरावांनी आपल्या माळवदावरून वसमतकडं तीनदा बॅटरी दाखवायची. मधे एवढी गावं, एवढी शिवारं. एकाची बॅटरी दुसऱ्याला दिसायची सोयच नव्हती. दुसऱ्या भेटीत ‘दाखवलीस ना?’ असं विचारायचं नाही, हाही त्याच कायद्यातला भाग.

अनुसूयाबाई, म्हणजे दत्तोपंतांच्या पत्नी, या सगळ्याला ‘तुमची ती जहाजं’ म्हणत. कधी पाहायला मागितली नाहीत, पण दर वैशाखात खणातला पाला बदलायच्या त्याच. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलगी अपर्णा नाशिकला, रविवारी फोन येतो, “बाबा, गोळ्या घेतल्या का?” हा पहिला प्रश्न आणि “बरं ठेवते” हे शेवटचं वाक्य. मधल्या दोन मिनिटांत जहाजांचा विषय निघेल अशी जागा नसते.

बेचाळिसावा वर्ग दत्तोपंतांनी त्यानंतर काढायला घेतला. हात थरथरायला लागला होता. पूर्वी महिन्यात होणारं काम दीड वर्ष चाललं. नाव ठेवलं ‘एकांडा’. साम्राज्याच्या सीमेपलीकडं, जिथं अकरांपैकी एकही सूर्य दिसत नाही, तिथं एकट्यानं जाऊन पाहणी करणारं जहाज. चालक एकच. शंभर वर्षांचं अन्न, शंभर वर्षांचं पाणी. आणि या वेळी दत्तोपंतांनी एक डाव केला. मागच्या एक्केचाळीस खोटी समोर मांडल्या आणि एकूणएक बुजवल्या. राखेला नळी, कडी दोन्ही बाजूंनी, जायची वाट वेगळी, यायची वेगळी. म्हणाले, “उकंडा, आता काढ खोट. बघतोच.”

उकंडराव भाद्रपदात कागद घेऊन गेले. “नेतो. बघतो. आठ दिसानं सांगतो.” आणि सहाव्या दिवशी फोन आला, की उकंडराव गेले. अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या.

तेराव्याला दत्तोपंत जाऊन आले. शंभर माणसांच्या गर्दीत, भिंतीला टेकून बसलेल्या उकंडाच्या बायकोसमोर, नर्मदावहिनींसमोर, हात जोडले. अशा वेळी त्या बाईला काय विचारणार, की माझ्या जहाजाचा कागद कुठंय? विचारलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कपाटाचा खण उघडला की एक्केचाळीस गुंडाळ्या आणि एक रिकामी जागा. तो कागद पाल्यापाचोळ्यात गेला असेल, चुलीत गेला असेल. पण नसेल गेला तर? उकंडानं जाण्याआधी खोट लिहून ठेवली असेल तर? सही असेल तर जहाज सुटेल. नसेल तर ते कायमचं गोदीत, कारण तपासणारा आता जगात नाही, आणि दुसरा मिळायचा नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी एका माणसाला एवढंच जाणून घ्यायचं होतं. त्यानं पत्र्याची नळी पुसली आणि तो बसस्थानकावर आला.

कुरुंद्यात उतरलं की फाल्गुनात वासच सांगतो. ओल्या मातीचा, वाफेचा, शिजत्या हळदीचा उग्र, गोडसर वास. उकंडरावांच्या घरामागच्या खळ्यात हळद शिजवण्याचा कुकर लागला होता. चाकांच्या गाड्यावर चार मोठी लोखंडी पिंपं, मधे पाण्याची टाकी, खाली जाळ, आणि पिंपांच्या झाकणांतून वाफेचे लोट. दत्तोपंत क्षणभर थबकले. ‘वारूळ’ वर्गाचा मधला भाग थेट असाच काढला होता त्यांनी.

पिंप उलटं झालं, पिवळाधमक ढीग जमिनीवर सांडला, आणि त्या वाफेतून नर्मदाबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, काटक, कोपरापर्यंत पिवळ्या. पदरानं तोंड पुसत त्या जवळ आल्या.

“या भावजी. बसा. पुनम, पानी आन गं.”

सून पाणी घेऊन आली. मुलगा स्वप्निल जाळ सारत होता, त्यानं लांबूनच हात जोडले. दत्तोपंत बाजेवर बसले. हळद कशी उतरली, पाऊस कसा झाला, अपर्णा कशी आहे. बोलणं सगळं कडेकडेनं गेलं. मग नर्मदाबाईच म्हणाल्या,

“कागदासाठी आलात न्हवं?”

दत्तोपंतांच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. “तुम्हाला कसं कळलं?”

“रिकामी नळी घिऊन मानूस सोयरीक बघाया येतो व्हय?”

त्या उठून आत गेल्या. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा हात धुतलेले, तरी पिवळेच, आणि हातात उकंडरावांच्या उपरण्यात गुंडाळलेली एक वळकटी. पाल्यापाचोळ्यात नव्हे, चुलीत नव्हे. दत्तोपंतांनी ती ओसरीवर पसरली, चारी कोपऱ्यांवर हळकुंडं ठेवली, आणि नजर कशावरही न थांबता थेट उजव्या कोपऱ्यात गेली.

काढणार: सही. तपासणार: कोरं.

संपलं. मनात धरून ठेवलेलं काहीतरी हळूच सुटलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“म्हणजे त्यानं बघितलाच नाही.”

“बघितला की. मंगळवारी मला वाचून दाखविला. शुक्कीरवारी गेले.”

“तुम्हाला वाचून दाखवला?”

“मंग कुनाला? दर टायमाला मलाच दाखवायचे.” नर्मदाबाई खाली बसल्या. “अवो, खोट त्यांना थोडीच दिसायची! त्यांना सारं झ्याकच दिसायचं. ‘पंतानं काय काढलंय बघ नर्मदे,’ म्हनायचे, अन् दिसभर कागदाकडं बघून हसायचे. मी म्हनायचे, ह्या एवढ्या भट्ट्या पेटवल्या, राख कुठं टाकनार? तर म्हनायचे, हां, बराबर, लिव्हतो.”

खळ्यात वाफ फुसफुसत होती.

“राख… तुमची?”

“माजीच. सारी हयात हळदीच्या काहिलीखालची राख काढली. मला न्हाई दिसनार तर काय त्या सम्राटाला दिसंल?”

“आणि घोणीचा शेवटचा डबा?”

“माजा.” त्या जरा थांबल्या. “माजी माय मेली तवा सांगावा चौथ्या दिशी आला. हितं मी तीन दिस गानी म्हनत हळद येचून राहिले होते. शेवटल्या डब्यात मीच होते की.”

“कोठाराची कडी?”

“नवी नवरी होते तवाची. ते न्हाई सांगत आता.”

“दिवेवाल्याची सर्दी?”

नर्मदाबाई एकदम हसल्या. तोंडाला पदर लावला. “ती त्यांची! ती एक त्यांची. सर्दी बी त्यांचीच हुती तवा.”

दत्तोपंत मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढं चौतीस नकाशांवरच्या चौतीस सह्या उभ्या होत्या. तपासलं एकानं, सही दुसऱ्याची. कार्यालयात याला साधी चूक म्हणत नसत. क्षणभर त्यांना रागही आला, मेलेल्या मित्राचा, आणि त्या रागाची लगेच लाज वाटली.

“मला कधी बोलला नाही तो.”

“आधी वाटलं तुमी हसताल. मंग वाटलं तुमाला राग यील, बायकूला इचारतो म्हनून. मंग लई वर्सं झाली. मंग सांगायचीच लाज वाटाया लागली.”

आत्ता कुठं दत्तोपंतांना ते ‘आठ दिसानं’ समजलं. आठ दिवस कागद या ओसरीवर असायचा. बाई चूल सारता सारता, हळद वेचता वेचता ओंबारची जहाजं तपासायची. आणि पन्नास वर्षं या दारात जेवायला बसून, ‘वहिनी, पिठलं फक्कड’ यापलीकडं आपण या बाईशी एक वाक्य बोललो नाही.

“काका, कसला नकाशा हो?” पुनम रिकामा तांब्या न्यायला आली होती. “वावराची मोजनी हाय का?”

दोघंही दचकले. कोऱ्या चेहऱ्यानं एकमेकांकडं बघितलं.

“व्हय,” नर्मदाबाई म्हणाल्या. “मोजनीच हाय. तू तिकडं बघ, पिंप भरलं का.” आणि सून गेल्यावर आवाज खाली आणून, “हिला काय सांगू? कसली झाजं, कसला सम्राट? सांगाया जावं तर म्हनंल, आत्याबाईला धक्क्यानं असं झालं. मला वाचाया येत न्हाई. त्यांनी एक डाव वाचलं तेवढंच ध्यानात. मंग काय, दुपारी समदे वावरात गेले की पेटी उघडते, कागद काढते, बघते. चार म्हैने बघितलं. भावजी, मला लई राग आला तुमचा.”

“माझा?”

“राखंला नळी केली. कडी दोन्हीकडून केली. शेवटल्या खोलीत बी दिवा लावला. म्हनलं, ह्या मानसानं मला काई ठिवलंच न्हाई.”

मग दत्तोपंतांनी धीर करून विचारलं, कारण आता सगळं त्या एका उत्तरावर आलं होतं, “म्हणजे खोट नाही सापडली?”

“सापडली की. पौषातच सापडली. पर सांगू कुनाला?”

त्या कागदावर वाकल्या. बोट कागदाला लागू न देता, वरच्यावर धरून म्हणाल्या, “ह्या झाजात मानसं किती?”

“एक. चालक एकच. एकांडा आहे तो.”

“ही चूल न्हवं?”

“हो. स्वयंपाकाची खोली.”

“मंग हे काय?”

दत्तोपंतांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला टेकेल इतके खाली वाकले. जहाजाचा उभा छेद. चूल. चुलीशेजारी फळी, हेलकाव्यात काही पडू नये म्हणून तिला बोटभर काठ, तो त्यांना आठवत होता. आणि फळीवर दोन कप. एकाच बाजूला कान असलेले, एकमेकांना टेकलेले, नीट मापात काढलेले दोन कप.

हे आपण कधी काढलं, ते त्यांना काही केल्या आठवेना. पस्तीस वर्षांत रेष न चुकलेल्या हातानं, कुणालाही न विचारता, काढून टाकलं होतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत रोज पहाटे चहा दत्तोपंत करायचे आणि फळीवरून दोन कप खाली घ्यायचे. हाताला ते माहीत होतं. बाकीचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या डब्यासारखं.

“चुकून झालं, वहिनी,” ते म्हणाले.

“चुकूनच. पर खोडायचं न्हाई न्हवं? तसा कायदा हाय तुमचा.”

“नाही. खोट खोडायची नाही.”

“मंग लिव्हा.” नर्मदाबाईंनी कागदाकडं न बघता, खळ्यातल्या वाफेकडं बघत सांगितलं, “त्यो चालवनारा दुसरा कप बघून वाट बघत बसंल. च्या गार हुईल. लढाई राहील बाजूला.”

दत्तोपंतांनी खिशातलं पेन काढलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि ते वाक्य जसं सांगितलं तसंच लिहिलं. शुद्ध करून नाही, छोटं करून नाही. मग पेन फिरवून त्यांच्यापुढं धरलं.

“मी?”

“तपासणाऱ्याची सही लागते.”

“त्यांचीच असू द्या की. त्यांच्या नावानं तुमीच करा.”

“ते आजवर झालं. आता नाही.”

बचत गटात शिकलेली एकच गोष्ट नर्मदाबाईंना लिहिता येत होती, ती म्हणजे स्वतःचं नाव. त्यांनी पेन मुठीत धरलं. ‘न’ मोठा झाला, ‘र्म’ त्याहून मोठा, ‘दा’ चौकटीची रेष ओलांडून थेट सम्राटाच्या जागेत गेला, आणि ‘बाई’ला जागाच उरली नाही तेव्हा तो खाली समासात उतरला. कडेला पिवळा डाग पडला. रेषेबाहेर गेलेलं टिंबदेखील ज्यांना आयुष्यात सहन झालं नाही ते दत्तोपंत बघत राहिले, आणि शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदावर फुंकर घातली.

निघताना नळी खांद्याला लावली. नर्मदाबाई वेशीच्या बाजूला चार पावलं आल्या.

“पुढला काढताल न्हवं?”

“हात चालत नाही आता, वहिनी. रेष वाकडी जाते.”

“मंग वाकडं काढा. वाकड्यात खोट लवकर सापडती.” मग इकडंतिकडं बघून, “पर दर टायमाला असं येऊ नका. पोरगं काई म्हनायचं न्हाई. गाव म्हनतं.”

“मग टपालानं पाठवीन.”

“वाचून कोन दाखवंल?”

नर्मदाबाईंनी खळ्याकडं बघितलं, पुनम वाकून हळकुंडं पसरत होती. “बघू,” त्या म्हणाल्या. “हळद तर निघू द्या,” आणि पिवळे हात पदराला पुसत, मागं वळून न बघता त्या वाफेत गेल्या.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर दत्तोपंतांच्या लक्षात आलं, की एक गोष्ट विचारायची राहिली. बॅटरी. माळवदावरून तीनदा बॅटरी खरंच दाखवली जायची का, आणि कोण दाखवायचं? उकंडराव, की तीही याच बाईची? नळी छातीशी धरून ते वसमतपर्यंत हाच विचार करत राहिले. पण ते विचारायचं नाही, असं ठरलेलंच होतं. बरं झालं, विसरलो ते.

घरी आल्यावर त्यांनी गुंडाळी पाल्यात ठेवली. बेचाळीस. एकदा वाटलं, जुने चौतीस कागद काढावेत आणि ‘तपासणार’पुढं खरं नाव घालावं. पण सही झालेल्या नकाशात फेरफार करता येत नाही. तो गुन्हा असतो. ती चौतीस जहाजं उकंडाच्या नावानंच फिरणार. ते खण लावून उठले.

दिवेलागणीला गच्चीवर गेले. खाली गल्लीत कुणाच्या तरी घरी बातम्या चालल्या होत्या, आणि मोबाइलच्या टॉवरवरचा लाल दिवा आपल्या कामाला लागला होता. कुरुंद्याच्या बाजूला नुसता धुरकट काळोख. दत्तोपंतांनी बॅटरी उंच धरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बटण दाबून थोडं जास्त वेळ धरून ठेवलं, कारण या जहाजाला लांब जायचं होतं.

एकच माणूस, दोन कप आणि शंभर वर्षांचं पाणी घेऊन ‘एकांडा’ गोदीतून सुटलं.

पलीकडून काही दिसायची सोयच नव्हती. दरवेळी ते तीनदा बॅटरी दाखवून लगेच खाली उतरायचे. आज ते कठड्याला धरून उभे राहिले. डोळे दुखायला लागेपर्यंत, खालच्या घरातल्या बातम्या संपेपर्यंत, ते त्या दिशेला बघत उभे राहिले.